दोन नंबरचा सिलिंडर

गाडीच्या मालकाने ड्रायव्हरच्या कानाखाली मारली तेव्हा मी बॉनेटखाली वाकले होते, त्यामुळे आधी मला फक्त आवाज आला. गॅरेजात आवाज बरेच असतात. पत्र्यावर हातोडी पडते, जॅक सुटतो. पण माणसाच्या गालाचा आवाज वेगळा असतो आणि तो मला लहानपणापासून ओळखू येतो. मी मान वर केली. ड्रायव्हर डावा कान धरून गाडीच्या दाराशी उभा होता. समोर मालक हाताची बोटं झटकत होता, जणू लागलं होतं ते त्यालाच.

"पेट्रोलमदी काय मिसळलंस, बोल. ह्या ताईंच्या म्होरं बोल."

"कायबी न्हाय मालक. दर टायमाला त्याच पंपावर भरतोय."

दुसरी बसली. ड्रायव्हरने हात वरसुद्धा केला नाही.

मालक गारगोटीकडचा, रस्त्यांची कंत्राटं घेणारा, पस्तिशीच्या आतबाहेरचा. ड्रायव्हर मलकापूरच्या बाजूचा, वयाने त्याच्यापेक्षा चांगलाच मोठा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. गाडी हायब्रिड होती. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही. रोज सकाळी चालू केली की मिनिटभर अशी थरथरायची, जणू आतून कुणीतरी लाथा घालतंय. मग आपोआप शांत व्हायची. दुसरीकडे कुठेतरी प्लग बदलून झाले होते, कॉइल बदलून झाल्या होत्या. फरक शून्य. तेव्हा मालकाने स्वतःच निष्कर्ष काढला होता, की ड्रायव्हर पेट्रोलमध्ये काहीतरी भेसळ करतोय.

"पावणं, माझ्या गॅरेजात मारामारी नको," मी म्हणाले.

तो काही बोलायच्या आत दारापाशी खुर्चीत बसलेले आबा बोलले, "दोन ठेवून दिल्याबिगर खरं बोलत न्हाईत ही माणसं."

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातलं हे गॅरेज त्यांचं. हाताला जे असेल ते माणसावर फेकायचं, ही त्यांची शिकवायची रीत. माझ्या उजव्या भुवईत एक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. तो दहा-अकराच्या पान्याचा मार आहे. मी सातवीत होते आणि कार्बोरेटरचा जेट उलटा बसवला होता. टाके घालून घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा गॅरेजात नेलं आणि जेट सुलटा बसवून घेतला. किती कामगार त्यांच्या हाताखालून पळाले याचा हिशोब नाही. मी पळाले ती डिप्लोमा करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्याच्या इंजिन तपासणी विभागात. तिथे कुणी कुणावर हात उचलत नाही, याची सवय व्हायलाच मला बराच काळ लागला. मग आबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, आणि मी परत आले. डावा हात मात्र त्यांचा आहे तसाच राहिला.

मालकाने जाताना ड्रायव्हरला बजावलं, "गाडी नीट हुईपर्यंत हितनं हलायचं न्हाय." मग माझ्याकडे वळला. "ताई, ह्यानं काय घातलंय ते तेवढं शोधून काढा. मग बघतो ह्याच्याकडं."

म्हणजे मी काय शोधते त्यावर त्या माणसाचं पुढचं ठरणार होतं. तो गेल्यावर मी ड्रायव्हरला पाणी दिलं. कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला होता.

"दवाखान्यात जाऊन या," मी म्हणाले.

त्याने डोकं वळवून उजवा कान पुढे केला. "आँ?"

"दवाखाना."

"नको ताई. नुसती शिट्टी वाजतीया. थांबंल."

ती थांबली नाही. पुढचे सगळे दिवस मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून बोलले.

थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनावरच बघावा लागतो. गाडी तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनर लावून चालू केली. सगळी गाडी हादरली. टपावर ठेवलेला टॉर्च घरंगळत खाली आला. स्कॅनरवर दिसलं, दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. त्यात पेट्रोल जातंय, ठिणगी पडतेय, पण नीट जळत नाहीये.

मी दोनची कॉइल काढून तीनला लावली. पुन्हा इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. तरी दोनच. प्लगची अदलाबदल केली. तरी दोनच. इंजेक्टर काढून बघितला, फवारा स्वच्छ पडत होता. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरलं. ड्रायव्हर माझ्या शेजारी श्वास रोखून उभा होता. पाणी नाही, गाळ नाही, वासही जसा असायला हवा तसाच.

"बघा, चांगलं हाय की," तो म्हणाला.

"चांगलं हाय. पण दुखणं कुठं हाय ते घावल्याबिगर तुमचा मालक ऐकायचा न्हाय."

आता मला एकच भीती होती. इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट गेलं असेल, तर कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी अशीच थरथर होते. मग सगळं इंजिन खोलायचं, आणि दोष पुन्हा ड्रायव्हरवरच येणार, गाडी तापवलीस म्हणून. कुलंटच्या टाकीला दाब देऊन गाडी रात्रभर तशीच सोडली. सकाळी दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला. पिस्टन कोरडा ठणठणीत.

मग उरलं ते धुराचं. ह्या इंजिनात सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला थोडा धूर पुन्हा आत वळवतात, जळण जास्त तापू नये म्हणून. तो आधी एका कुलरमधून जातो, मग एका व्हॉल्व्हमधून, आणि शेवटी इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या चार बारीक वाटांनी चारी सिलिंडरमध्ये वाटला जातो. हायब्रिडचं इंजिन गावातल्या गावात सारखं चालू-बंद होतं, नीट तापत नाही, आणि ह्या सगळ्या वाटेवर काजळी धरते.

बॅटरीची वायर काढली, वायपरखालचा पत्रा उतरवला, थोडं कुलंट काढलं आणि मॅनिफोल्ड बाहेर घेतलं. उलटं करून बघितलं तर चार भोकांपैकी तीन पार बुजलेली. उघडं होतं ते फक्त दोन नंबरचं. व्हॉल्व्हच्या बुडाशी काजळीचा खडा अडकला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी पूर्ण मिटतच नव्हता. नको तेव्हा धूर आत शिरत होता आणि सगळाच्या सगळा त्या एका सिलिंडरमध्ये जात होता.

मी ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिला.

"हे माझ्यामुळं न्हाय?"

"न्हाय. कुणीबी चालवली असती तरी झालं असतं."

"तुम्ही सांगशीला त्यांना?"

"सांगतो की."

आमच्याकडे बायकाही बोलताना 'सांगतो, करतो'च म्हणतात. माझा शब्द ऐकून तो तिथेच टायरवर बसला आणि हाताने तोंड झाकून घेतलं.

साफसफाईला दोन दिवस गेले. कुलर औषधात बुडवून ठेवला की काळं पाणी सुटायचं. ते ओतायचं, दाबाने पाणी मारायचं, पुन्हा बुडवायचं. मॅनिफोल्डच्या वाटा तारेने आणि बारीक ब्रशने कोरायच्या. काजळी अशी चिवट, की तारेने आधी नुसती चकाकायची, मग कधीतरी खपली निघायची. ड्रायव्हरने बाह्या सरसावल्या आणि तोही कोरायला बसला. त्याला सांगावं लागलं नाही.

आबा खुर्चीतून बघत होते. हायब्रिड गाड्यांचा त्यांना राग आहे. त्यातलं काही त्यांना कळत नाही म्हणून राग, आणि मला कळतं म्हणून जास्त.

"तारंनं काय हुतंय? जाळून काढ. भट्टीत घाल," ते म्हणाले.

"अ‍ॅल्युमिनियम हाय आबा. वितळंल."

एक नट माझ्या खांद्याला लागून पलीकडे पडला. त्यांच्या खुर्चीशेजारी नटबोल्टांचं ताट असतं, डाव्या हाताला चाळा म्हणून. ड्रायव्हरने नट उचलला, मुकाट्याने ताटात नेऊन ठेवला आणि परत येऊन मला हळूच म्हणाला, "तुमालाबी व्हय?"

मी हसले. दुसरं काय करणार.

सगळं परत जोडलं. कुलंट भरलं, हवा काढली, वायर लावली. गाडी रात्रभर ठेवून सकाळी चालू केली तेव्हा टपावरचा टॉर्च जागचा हलला नाही. हायब्रिडचं इंजिन मनाला येईल तेव्हा बंद होतं, म्हणून ते सलग चालू ठेवायची खास रीत असते. त्या रीतीने अर्धा तास चालवून बघितलं. दोन नंबर अगदी सुरळीत. मग गाडी पुन्हा नेहमीच्या पद्धतीवर आणली. तापलेलं इंजिन आपोआप बंद झालं आणि गाडी गप्प उभी राहिली. डॅशबोर्डवर फक्त 'रेडी'चा हिरवा दिवा. बॅटरीवर निघायला ती तयार असते, पण बाहेरच्याला वाटतं, बंद आहे. मी रॅचेटचा पाना हातात घेऊन मॅनिफोल्डचे बोल्ट शेवटचे तपासत होते तेवढ्यात मालक आला.

मी त्याला बाजूला नेलं नाही. ड्रायव्हरसमोरच सगळं सांगितलं. बरणीतली काजळी दाखवली, मोबाईलवर बुजलेल्या भोकांचा फोटो दाखवला.

"पेट्रोलचा काय संबंध न्हाय," मी म्हणाले. "ह्यांनी कायबी केलेलं न्हाय."

"म्हंजे मी उगंच मारलं व्हय ह्याला?"

"व्हय."

खरं तर तिथेच संपायचं. पण ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, नुसता एक सैलपणा होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो ताठ उभा राहिला होता.

"हसतोस?" मालक म्हणाला, आणि त्याच्या पोटात लाथ घातली.

ड्रायव्हर दुमडला. मालकाने त्याचे केस धरून डोकं वर उचललं आणि तोंडावर गुद्दा मारला. दात ओठात घुसलेला मला दिसला. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा ड्रायव्हरने तो मनगटाला धरला. मारलं नाही, फक्त धरून ठेवला. मालकाने ओढून बघितला, दुसऱ्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला, पाय आपटले. सुटेना. त्याचा चेहरा लालबुंद झाला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता आणि हनुवटीवरून रक्त शर्टावर ठिबकत होतं.

"पुरं आता मालक," तो म्हणाला, आणि हात सोडला.

मालकाने मनगट चोळलं. शर्ट नीट केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बरं. चल, गाडी न्यूया."

मलाही वाटलं, मिटलं. मी बॉनेट बंद केलं. ड्रायव्हर गाडीच्या नाकासमोरून कामाच्या टेबलाकडे गेला, तिथे त्याची जेवणाची पिशवी होती. तो पिशवी घ्यायला वाकला. मालक आत बसला. दार लागल्याचा आवाज आला, त्यानंतर काहीच आवाज नाही. गाडी आवाज न करता पुढे सुटली.

टेबलाला जड लोखंडी पाय आहेत, जमिनीत बोल्ट मारून बसवलेले. बंपर आणि त्या पायाच्या मधे ड्रायव्हरची नडगी सापडली. हाडाचा आवाज मी ऐकला. तो ओरडला ते नंतर. पुढची चाकं फरशीवर सरकत होती, म्हणजे पाय पॅडलवर होता. चूक झाली असती तर पाय उचलला गेला असता. मी काचेतून मालकाकडे बघितलं. तो समोर बघत होता, ड्रायव्हरकडे, आणि दात घट्ट आवळले होते.

मी दार उघडलं. हातात रॅचेट होतं, हातभर लांबीचं, आबांच्या वेळचं. पहिला फटका त्याच्या स्टेअरिंगवरच्या हातावर मारला. बोटं मोडली असणार, कारण हात तिथून सरकला आणि मांडीवर पडला. पाय तरी उचलेना. दुसरा गुडघ्यावर मारला. तेव्हा गाडी सैल झाली. मी वाकून पार्किंगचं बटण दाबलं, त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं, आणि तो फरशीवर पडल्यावर आणखी दोन मारले, एक खांद्यावर, एक बरगडीत. ते दोन गरजेचे नव्हते. त्यांनी कुणाचा पाय सुटणार नव्हता. पण तेच दोन मला नीट आठवतात. हातात एक उबदार जोर आला होता आणि तो थांबावा असं वाटत नव्हतं. मालक हात डोक्यावर घेऊन पोटाशी पाय ओढून पडला होता.

"अजून एक दे," मागून आबा म्हणाले.

मी वळले. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. अर्धा चेहरा लकव्याने पडलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर हसू. डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप मारत होते, तालमीतल्या कुस्तीला दाद द्यावी तशी.

"माझी पोरगी," ते म्हणाले.

मी रॅचेट खाली ठेवलं.

शेजारच्या वेल्डिंगवाल्यांनी येऊन गाडी मागे ढकलली, ड्रायव्हरला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. नडगी दोन ठिकाणी मोडली होती. तिथेच कळलं की कानाचा पडदाही फाटलाय. मालकाला त्याची माणसं घेऊन गेली. मी सगळं जसं घडलं तसं पोलिसांना सांगितलं, माझे चारही फटके धरून. हवालदार मान डोलवत ऐकत होता.

ड्रायव्हरच्या जबाबात मात्र निघालं, की मालकांचा पाय चुकून पॅडलवर पडला.

मी दवाखान्यात गेले. त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले.

"खोटं का सांगितलासा?"

तो छताकडे बघत होता. पायाला सळी घातलेली, ओठ सुजलेला. "भाऊ त्यांच्याच साईटवर हाय ताई. पोराला तिथंच लावायचं ठरलंय. मी खरं सांगून ऱ्हायचं कुठं?"

"आणि माझं काय? मी त्याला विनाकारण मारलं असं झालं की आता."

"व्हय," तो म्हणाला. "मला ठावं हाय. रातभर त्योच इचार करतोय."

मला त्याचा राग आला. इतका, की पलंगाची दांडी धरलेला माझा हात आवळला गेला. तो हात मला दिसला आणि त्यालाही. त्याने उशीवरचं डोकं थोडं पलीकडे सरकवलं. मी उठले, पिशवीतली मोसंबी टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मालकाचा जबाब आला तो असा, की गॅरेजच्या तेलकट फरशीवर घसरून पडलो. बाईने मारलं असं लिहून द्यायची त्याची तयारी नव्हती. तेव्हा कागदोपत्री एकाच सकाळी, एकाच गॅरेजात दोन अपघात झाले. पुढच्या आठवड्यात भर दुपारी मोटरसायकलवरून दोघं आले, ऑफिसच्या काचा फोडल्या, स्कॅनर उचलून रस्त्यावर आपटला आणि गेले. नवीन स्कॅनर येईपर्यंत मी कानावर आणि हातावर काम केलं. गाडी न्यायला मालकाने कुणीतरी अनोळखी माणूस पाठवला. त्याने बटण दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "झालं की नीट. आवाजच न्हाय." त्याच्यासाठी विषय फक्त गाडीचा होता.

ड्रायव्हर आता गावी असतो. दूध संकलन केंद्रावर कॅन मोजतो, असं वेल्डिंगवाल्यांपैकी एकाने सांगितलं. पाय थोडा आखूड झालाय. मी भेटायला गेले नाही.

आबांनी ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. दरवेळी फटके वाढत गेले. गिऱ्हाईक गाडी दाखवायला यायचं आणि माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं, आदराने म्हणा किंवा भीतीने. मी आबांना म्हणाले, "पुन्यांदा सांगू नका." ते म्हणाले, "का? लाज वाटती व्हय? मी शिकीवलंय तुला." त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, जेवण, औषध, अंथरूण. त्यांनीही नट फेकायचं सोडलं. ताट तसंच शेजारी असायचं.

आबांची दाढी मीच करते, दर रविवारी, मोरीपाशी खुर्ची ठेवून. अशाच एका रविवारी गालाला साबण लावून झाला होता. वस्तरा वरच्या फळीवर होता, आबांच्या डोक्यामागे. तो घ्यायला मी हात उचलला.

आबांनी डोळे मिटले. मान खांद्यात ओढून घेतली आणि डावा हात चेहऱ्यासमोर धरला, तळवा बाहेर करून. साबणाचा फेस मनगटावरून खाली ओघळत होता.

मी तशीच उभी राहिले, हात वर. मग हळू खाली घेतला.

"वस्तरा घ्यायलोय आबा," मी म्हणाले. "वस्तरा."

त्यांनी डोळे उघडायला थोडा वेळ लावला. मी समोर येऊन, त्यांना दिसेल असा वळसा घालून वस्तरा घेतला, आणि चांगल्या बाजूपासून दाढी करायला सुरुवात केली.